पंधरा ते पंचवीस वयातला कॅन्सर : ठाणे-नवी मुंबईतल्या घरांनी सुरुवात कुठून करायची

सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन कॅन्सर हॉस्पिटलच्या खिडकीशी गेलं की पहिला घोळ तिथेच होतो. लहान मुलांच्या ओपीडीत तो सगळ्यांत उंच असतो आणि मोठ्यांच्या ओपीडीत सगळ्यांत लहान. नक्की कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे कुणी पटकन सांगत नाही. ब्रिटनमध्ये या वयाच्या मुलांसाठी वेगळे वॉर्ड आहेत. टीनएज कॅन्सर ट्रस्टचा पहिला वॉर्ड लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात १९९० साली सुरू झाला. आपल्याकडे अशी वेगळी पाटी फार कमी ठिकाणी दिसते, त्यामुळे तिथे यंत्रणा जे प्रश्न आपणहून विचारते ते इथे घरच्यांनी विचारायचे असतात. त्यातले बरेचसे पहिली केमो सुरू होण्याआधीच विचारावे लागतात. एकदा सलाईन लागली की काही दारं कायमची बंद होतात.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याला तो पर्याय नाही, पण सल्ला घ्यायला जाताना खिशात असावा.

१. गाठ कापायची घाई करू नका, दाखवायची मात्र करा

या वयात नेहमी दिसणारे कॅन्सर म्हणजे रक्ताचा (ल्युकेमिया), लसिकाग्रंथींचा (लिम्फोमा), हाडांचा (ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा), मेंदूतल्या गाठी, मुलांमध्ये अंडकोशाचा, मुलींमध्ये बीजांडकोशाचा आणि थायरॉइडचा. प्रत्येकाची पहिली चूक वेगळी असते.

*गुडघ्याजवळचं दुखणं.* क्रिकेट-कबड्डी खेळणाऱ्या मुलाचं गुडघ्याजवळ दुखतं, त्याला मार लागला असेल असं म्हणून मालीश सुरू होते. दुखणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलं, रात्री झोपेतून उठवायला लागलं किंवा सूज दिसायला लागली, तर आधी साधा एक्स-रे काढा. ऑस्टिओसार्कोमा सर्वांत जास्त गुडघ्याच्या आसपासच होतो. एक्स-रेत शंका आली तर जवळच्या नर्सिंग होममध्ये बायोप्सी करून घेऊ नका. जो सर्जन शेवटचं ऑपरेशन करणार आहे, बायोप्सी त्याच्याच टीमने करायची असते, कारण सुई किंवा चीर जिथून गेली तो सगळा मार्ग नंतर हाडाबरोबर कापून काढावा लागतो. चीर चुकीच्या जागी पडली तर वाचू शकणारा पाय जायची वेळ येते.

*मानेतली गाठ.* आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की टीबी डोळ्यासमोर येतो आणि पुष्कळदा तो खरंच असतो. पण तपासणीत टीबी सिद्ध झालेला नसताना अंदाजाने सहा महिन्यांचा कोर्स सुरू करणं धोक्याचं आहे. लिम्फोमाचा संशय असेल तर नुसत्या बारीक सुईच्या तपासणीवर निदान होत नाही. अख्खी ग्रंथी काढून तपासणं उत्तम, ते शक्य नसेल तर जाड सुईने तुकडा घेतात. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यातली गाठ लहान असली तरी दाखवा. आणि बायोप्सीआधी स्टेरॉइड घेऊ नका. खोकला, दमा, अंगावरची पुरळ अशा कुठल्याही कारणाने दिलेल्या गोळ्यांत ते असू शकतं. त्याने गाठ तात्पुरती विरघळते आणि निदानच हरवतं.

*अंडकोशातली न दुखणारी गाठ.* मुलं लाजेने महिनोन्महिने सांगत नाहीत. सोनोग्राफी आणि रक्तातल्या तीन चाचण्या (एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच) त्याच आठवड्यात करा. या गाठीत खालून सुई घालत नाहीत, ऑपरेशन जांघेतून होतं. त्याऐवजी कुणी अंडकोशाच्या पिशवीवर चीर देऊ म्हणालं तर तिथून उठा.

*त्याच दिवशी हॉस्पिटल.* सीबीसी रिपोर्टवर 'ब्लास्ट' (अपक्व रक्तपेशी) हा शब्द, चेहरा आणि मान सुजणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पाय लुळे पडणं, सकाळची डोकेदुखी आणि उलट्या. यांतलं काहीही असेल तर सोमवारची ओपीडी बघत बसू नका, इमर्जन्सीला जा. आडवं झाल्यावर दम लागणाऱ्या मुलाला स्कॅनसाठी सपाट झोपवण्याआधी तसं तिथल्या डॉक्टरांना बजावून सांगा. छातीतली गाठ श्वासनळीवर दाब देत असू शकते.

२. पिशवीत काय काय हवं

- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि *पॅराफिन ब्लॉक*. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. मोठं हॉस्पिटल निदान स्वतः पुन्हा तपासतं, त्यासाठी नुसता कागद चालत नाही. लॅबकडे लेखी अर्ज देऊन ब्लॉक घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.
- स्कॅनच्या सीडी. फिल्म आणि रिपोर्ट असले तरी सीडी हवीच. घरच्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघा, रिकामी निघणाऱ्या सीडी कमी नसतात.
- आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मेडिक्लेम असेल तर पॉलिसीची प्रत.
- लसीकरणाचं जुनं कार्ड, आधीच्या ऑपरेशनचे कागद, चालू औषधांची यादी. काढा, भस्म, जिममधली पावडर, सगळं त्यात लिहा.
- प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलवर एकच पीडीएफ.

३. खारघर की परळ

टाटा मेमोरियल सेंटर अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत चालतं. त्याचं मुख्य हॉस्पिटल परळला आणि ॲक्ट्रेक हे उपचार-संशोधन केंद्र खारघरच्या सेक्टर २२ मध्ये. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि प्रोटॉन रेडिएशनची सोय खारघरला आहे. 'आम्ही नवी मुंबईचे, मग आमचं सगळं खारघरलाच होईल' असं मात्र धरून चालू नका. कुठली ओपीडी कुठे, हे तुमच्या पत्त्यावर नाही, आजारावर ठरतं. निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर ठाण्याहून खारघर आणि खारघरहून परळ अशी एका दिवसात तीन टोकं होतात.

ठाण्याहून खारघरसाठी ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट आहे. नवी मुंबईहून परळसाठी हार्बरने कुर्ल्याला उतरून सेंट्रलची धीमी गाडी घ्यावी लागते. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर रुग्णाला बसता येतं, उपचाराचं कार्ड किंवा प्रमाणपत्र जवळ ठेवा. कुणी हटकलं तर तरुण, धडधाकट दिसणाऱ्या मुलाला कागद दाखवावा लागतो. लांब पल्ल्याच्या रेल्वेतल्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

टाटात नोंदणी जनरल किंवा प्रायव्हेट वर्गात होते. 'प्रायव्हेटमध्ये लवकर नंबर लागेल' म्हणून पहिल्या दिवशी प्रायव्हेट घेणारी घरं तिसऱ्या महिन्यात अडचणीत येतात. वर्ग मध्येच बदलणं सोपं नसतं. पूर्ण उपचाराचा अंदाजे खर्च विचारा आणि मगच ठरवा. पैसे स्मार्ट कार्डात आगाऊ भरायचे असतात, दर वेळी त्यातून कापले जातात.

खाजगी हॉस्पिटलात जायचं असेल तर इमारत बघू नका, हे विचारा: या आजाराच्या या वयाच्या किती केसेस तुम्ही वर्षाला करता? केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, ठेवली का? रात्री दोन वाजता ताप घेऊन आलो तर कोण बघणार?

आणि एक प्रश्न सगळीकडे विचारायचाच. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असेल तर उपचार लहान मुलांच्या धर्तीवरच्या प्रोटोकॉलने (उपचारांच्या ठरलेल्या आराखड्याने) होणार की मोठ्यांच्या? किशोर आणि तरुण रुग्णांना लहान मुलांच्या पद्धतीचे, जास्त तीव्र प्रोटोकॉल अधिक लाभतात, हे अनेक देशांच्या अनुभवातून पुढे आलं आहे. कुठल्या वॉर्डात खाट मिळाली यावर प्रोटोकॉल ठरू नये. डॉक्टरांनी मोठ्यांचा निवडला असेल तर त्याला कारण असेल, ते विचारून घ्या. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

४. वीर्य आणि बीजांडं जपून ठेवणं: हा विषय कुणीतरी काढलाच पाहिजे

आपल्या घरांत हा विषय निघत नाही. डॉक्टर गडबडीत असतात, आईवडील सतरा वर्षांच्या मुलासमोर बोलत नाहीत आणि मुलगा स्वतः विचारत नाही. मग दहा वर्षांनी, लग्न ठरताना, पहिल्यांदा प्रश्न येतो. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड यांसारखी औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन यांनी प्रजननक्षमता कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. म्हणून निदानाच्या दिवशीच सरळ विचारा: 'या औषधांनी पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल, आणि आता काय जपून ठेवता येईल?'

*मुलांसाठी.* वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं. नमुन्याआधी दोन-तीन दिवस स्खलन टाळायचं, शक्य असेल तर एकेक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्यायचे. वेळ नसेल तर एकही पुरतो, कारण हल्लीच्या तंत्रात एका बीजांडाला एक शुक्राणू लागतो. त्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या होतात. केमो सुरू झाल्यावर नमुना घेत नाहीत, त्या शुक्राणूंच्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते. मुलाला त्या खोलीत एकट्याला जाऊ द्या, वडिलांनी दाराशी उभं राहू नये. संमतीपत्रावर दरवर्षीचं शुल्क, नूतनीकरण कोण करणार आणि नमुन्यावर हक्क कुणाचा, हे तीन मुद्दे वाचून मगच सही करा. वीर्य बँकेचा मेल आईच्या जुन्या पत्त्यावर येत राहतो आणि शुल्क थकतं, अशी गडबड होऊ देऊ नका.

*मुलींसाठी.* बीजांडं गोठवायला साधारण १० ते १४ दिवस हार्मोनची इंजेक्शनं लागतात. पाळीची वाट न बघता कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. हॉजकिन लिम्फोमासारख्या आजारात एवढा वेळ बहुधा मिळतो, तीव्र ल्युकेमियात मिळत नाही. तेव्हा बीजांडकोशाचा तुकडा गोठवणं शक्य आहे का आणि सुरक्षित आहे का, हे विचारा. ल्युकेमियात त्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी असण्याचा धोका असतो. पाळी थांबवणारं मासिक इंजेक्शनही देतात. प्लेटलेट पडलेल्या असताना पाळीचा रक्तस्राव आवरायला त्याचा खरा उपयोग होतो.

केमोआधी गरोदरपणाची चाचणी सगळ्याच मुलींची करतात. त्यात आपल्या मुलीवर संशय घेतला असं मानून भांडू नका.

५. पैसे: अर्ज आधी, बिल नंतर

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र झाल्यापासून महाराष्ट्रात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, त्यात पांढरं कार्डही येतं. हेल्पलाइन १५५३८८. योजनेत बसलेल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' टेबल असतं, भरती होण्याआधी तिथे जा. नेहमी अडतं ते इथे:

- मुलाचं नाव रेशन कार्डावर नसतं. सोळा-सतरा वर्षांचा झाला तरी कुणी चढवलेलं नसतं. आजच शिधावाटप कार्यालयात अर्ज करा.
- आधारवर 'प्रथमेश', रेशनवर 'प्रथम'. मंजुरी इथेच लटकते.
- मंजुरीसाठी बायोप्सीचा पक्का रिपोर्ट लागतो, 'संशयित' चालत नाही.
- योजना ठरलेल्या पॅकेजेसना पैसे देते. कुठली औषधं, कुठल्या तपासण्या बाहेर राहतात, ते आधी लिहून घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंतचा तहसीलदारांचा दाखला आणि हॉस्पिटलचं अंदाजपत्रक लागतं. मदत हॉस्पिटलच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. म्हणून बिल भरून झाल्यावर अर्ज करण्यात अर्थ नसतो. मोठ्या हॉस्पिटलांतला समाजसेवा विभाग कुठल्या ट्रस्टकडे कधी अर्ज करायचा ते सांगतो. तिथे पहिल्याच आठवड्यात जा, पैसे संपल्यावर नको.

घरचा मेडिक्लेम असेल तर त्यात मुलाच्या वयाची अट बघा. पुष्कळ फॅमिली पॉलिसींत मुलं पंचविशीपर्यंतच असतात, उपचार मात्र दोन-तीन वर्षं चालतात.

६. लाईन आणि रक्तदाते

महिनोन्महिने हाताच्या शिरेतून केमो देऊ नका. पिक लाईन (दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) किंवा पोर्ट (छातीच्या कातडीखाली बसवलेली डबी) यांविषयी विचारा. पिक लाईनचं ड्रेसिंग आठवड्याला बदलायचं असतं, पोर्ट रिकामा असताना साधारण महिन्यातून एकदा फ्लश करून घ्यायचा. पोहणं, व्हॉलीबॉल, डोंबिवली लोकलची सकाळची गर्दी, यातलं कुठल्या लाईनसोबत काय जमेल ते मुलाला स्वतः विचारू द्या.

प्लेटलेटसाठी एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेली पिशवी. दाता ५० किलोच्या वर, चांगल्या शिरांचा, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला हवा. सोसायटीच्या, कॉलेजच्या, मंडळाच्या ओळखीतून आठ-दहा जणांची यादी आधीच करून ठेवा. प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांचं आणि आईवडिलांचं रक्त सध्या देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

७. ताप: इथे मिनिटं मोजायची

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सर्वांत खाली येतात. तेव्हा काखेत १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस ताप आला की हॉस्पिटल. सकाळपर्यंत थांबायचं नाही, क्रोसिन देऊन उतरतोय का बघायचं नाही. क्रोसिनने ताप लपतो आणि जंतू रक्तात वाढत राहतात. हॉस्पिटलात पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात लागायला हवं, रिपोर्टची वाट न बघता. ताप नसेल पण हुडहुडी भरली, विशेषतः लाईन फ्लश केल्यावर, तरी हाच नियम.

एएनसी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा, घरी काढता येतो. पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर १२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे संसर्गाशी लढायला जवळपास कुणी नाही.

आता खरी अडचण. ताप रात्री साडेबाराला येतो आणि हॉस्पिटल परळला असतं. घोडबंदर रोडवर कंटेनर अडकलेला. किंवा जुलैची रात्र, कुर्ला-सायनला पाणी, सेंट्रल आणि हार्बर दोन्ही बंद. यासाठी केमोच्या पहिल्या सायकलच्या (फेरीच्या) आधीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: आजाराचं नाव, प्रोटोकॉल, शेवटच्या केमोची तारीख, लाईन कुठली, ॲलर्जी, 'ताप आल्यास हे अँटिबायोटिक या डोसमध्ये लगेच द्यावे'. मग घरापासून वीस मिनिटांत पोचता येईल असं, रात्री डॉक्टर असणारं एक हॉस्पिटल निवडा, दिवसा तिथे जाऊन पत्र दाखवा आणि विचारा की तुम्ही हे कराल का. 'टाटाचा पेशंट आहे, तिकडेच न्या' असं उत्तर आलं तर ते दिवसा कळलेलं बरं. दुसरं हॉस्पिटल बघा.

भरलेली बॅग दाराशी ठेवा, त्यात फाईल, चार्जर, चादर, थर्मामीटर. काउंट खाली असताना गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, दंडात किंवा कुल्ल्यावर इंजेक्शन, हे काहीही नको. पाणीपुरी, उघडी चटणी, कापलेली फळं, कच्चं सॅलड त्या काळात बंद. घरचा गरम वरणभात, साल काढून खायचं केळं, उकळून गार केलेलं पाणी चालतं. खोलीत कोंडून ठेवायची गरज नसते. मित्र येऊ देत, सर्दी-खोकला असलेला तेवढा बाहेर.

८. घरी दिलेल्या गोळ्या

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात शेवटची साधारण दोन वर्षं मुख्यतः गोळ्यांवर जातात. सगळ्यांत घातक चूक: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडाला जखमा होतात, काउंट कोसळतात, जीव जाऊ शकतो. वार ठरवून घ्या, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवार' असं लिहा आणि रोजच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या डब्यात ते ठेवूच नका. त्या काळात सेप्ट्रान हे अँटिबायोटिक किंवा ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. व्हिन्क्रिस्टिन चालू असताना बुरशीची व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधं कुणी दिली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. त्याने नसांवरचे परिणाम वाढतात. व्हिन्क्रिस्टिनने होणारं बद्धकोष्ठ पोट फुगेपर्यंत वाढू देऊ नका. ॲस्पॅराजिनेसच्या इंजेक्शननंतर पोटात जोरात दुखलं किंवा असह्य डोकं दुखलं तर त्याच दिवशी दाखवा.

या वयात गोळ्या चुकतात त्या विसरण्यापेक्षा कंटाळ्याने. आईने रोज विचारलं की मुलगा 'हो, घेतली' म्हणतो. आठवड्याचा खणांचा डबा आणि त्याच्याच फोनवरचा अलार्म जास्त कामाला येतो.

९. मुलाला सांगायचं का

सांगायचं. अठराच्या आत सही पालकांची असते, पण शरीर त्याचं असतं आणि फोनही. औषधाचं नाव टाकून तो पंधरा मिनिटांत सगळं वाचतो, मग घरच्यांवरचा विश्वास जातो. प्रत्येक ओपीडीत डॉक्टरांना दहा मिनिटं मुलाशी एकट्याने बोलू द्या. सिगारेट, दारू, जोडीदार, भीती हे विषय आईसमोर निघत नाहीत. स्टेरॉइडच्या आठवड्यांत चिडचिड, रडणं, रात्री दोनला भूक लागणं औषधामुळे होतं. ते संपूनही मन बसलेलंच राहिलं तर मानसोपचार तज्ज्ञ गाठा. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

१०. दहावी, बारावी, कॉलेज

शाळेला किंवा कॉलेजला पहिल्याच महिन्यात लेखी कळवा, सोबत हॉस्पिटलचं पत्र. हजेरीची सूट मागाहून मागितली तर अवघड जातं. मुख्य परीक्षा हुकली तर पुरवणी परीक्षा असते, नियमित वर्ग जमत नसतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. हात-पायाचं ऑपरेशन झालं असेल तर लेखनिक आणि जादा वेळेसाठी शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीलाच आहे, ठाणे-नवी मुंबईकरांना ते तरी जवळ. केमोचं वेळापत्रक हातात आलं की परीक्षेच्या तारखा डॉक्टरांना दाखवा. एखादी सायकल दोन-तीन दिवस मागेपुढे होऊ शकते का, ते तेच सांगतील.

११. उपचार संपले की मागायचा कागद

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. 'उपचारांचा सारांश' मागा: कुठलं औषध एकूण किती मिलिग्रॅम, रेडिएशन कुठे आणि किती, ऑपरेशन कुठलं. डॉक्सोरुबिसिन (लाल सलाईन) घेतलेल्याला ठरावीक काळाने इको लागतो. सिसप्लॅटिनने कान आणि किडनीला इजा होऊ शकते, म्हणून श्रवणचाचणी आणि क्रिएटिनिन. ब्लिओमायसिन घेतलं असेल तर पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, जास्त ऑक्सिजन फुप्फुसांना बाधतो. छातीवर रेडिएशन झालेल्या मुलीची स्तनांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हा सुरू होते. मानेवर रेडिएशन असेल तर थायरॉइडची रक्तचाचणी दरवर्षी.

हा कागद मुलाच्या स्वतःच्या मेलवर पाठवा. तो पुण्याला नोकरीला जाईल, बंगळुरूला जाईल, आईच्या कपाटातली फाईल तेव्हा सापडणार नाही.